शुद्धिपत्र

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये माझं काम चुका शोधण्याचं.
ताव उलटायचा, दिव्याखाली धरायचा,
आकडा अर्ध्या केसाएवढा सरकला असेल
तर लाल खूण, आणि त्या तावाचा भुसा.
बावीस वर्षं झाली. डोळ्यांना घरीही सुट्टी नाही:
लग्नपत्रिका, दुधाची पिशवी, केशकर्तनालयाची पाटी.

यशोधरा नऊ वर्षांची. तिचे प्रश्न
नेमके जेवायच्या वेळी येतात.
माशीला उचकी लागते का.
द्राक्षात बी नको, असं पहिल्यांदा कुणाला वाटलं.
गंगापूर धरणाच्या तळाशी आत्ता अंधार असेल का.
मी म्हणतो, भात निवतोय.
शेजारचा जुबेर जिन्यात बसून ऐकतो
आणि तिथूनच ओरडतो,
पण असेल का, काका?

म्हणून वर्गणी. बोनसमधून पैसे बाजूला काढले,
रविवारी दोघांना स्कूटरवर घेऊन मेन रोडला गेलो.
दुकानदाराने तीन नमुने मांडले.

पहिलं चकचकीत. सोबत भिंग फुकट,
ज्यातून सगळं सारखंच धूसर दिसत होतं.
पानोपानी एक वाघ, एक प्रश्न
आणि लगेच खाली उत्तर.
प्रश्नाला श्वास घ्यायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

दुसरं शिष्यवृत्तीवालं.
सर्वांत मोठा ग्रह कोणता? अ, ब, क, ड.
जुबेरनं विचारलं, आणि सर्वांत एकटा?
पर्यायांत ते नव्हतं.

तिसरं बारीक. दोन रंगांत, पिना गंजलेल्या.
सवयीनं मी ते दिव्याकडे धरलं.
पान सातवर निळा घसरलेला:
फुलपाखरू स्वतःच्या रेषेबाहेर उडून गेलेलं.
हे नको, म्हटलं. आमच्याकडे असला ताव...

तोवर यशोचं बोट शेवटच्या पानावर, एका चौकटीत.
"गेल्या अंकात कोळ्याला सहा पाय छापले गेले.
आठ हवेत. चूक दाखवली वेणू गांगुर्डे हिने,
वय दहा, चांदवड. आम्ही तिचे आभारी आहोत."
तिनं ते दोनदा वाचलं.
पप्पा, चूक सापडली की तुम्हीपण नाव छापता?
नाही.
मग काय करता?
भुसा.
नावाचा?

अर्जावर नावासाठी एकच ओळ.
यशोनं स्वतःचं लिहिलं, मग अक्षरं बारीक करत
जुबेरही कोंबला. त्याचा र
पिनकोडच्या पहिल्या चौकोनात जाऊन बसला.

जूनचा अंक जुलैत आला.
वेष्टनावर छापलेलं: कु. यशोधरा जुबेर.
पोटभर हसून झाल्यावर दोघं जिन्यात बसले,
डोक्याला डोकं लावून. वाचत नव्हते,
शिकार करत होते.
पान चौदावर सापडली:
नकाशात गोदावरीचा बाण पश्चिमेकडे!
चला, म्हणाले, खात्री करू.

होळकर पुलावरून जुबेरनं वडाचं पान सोडलं.
गढूळ पाण्यानं ते उचललं,
गरगर फिरवलं
आणि नेलं. पश्चिमेला नाही.
पण पूर्वेलाही नाही.
दक्षिणेला.
दोघं कठड्याला टेकून गप्प.
मग आपलंच चुकलं? जुबेर म्हणाला.
मी या गावात जन्मलो, हा पूल
हजारदा ओलांडला. कुणीच मला विचारलं नव्हतं
नदी कुठे चाललीय ते.

रात्री पत्र लिहिलं गेलं.
"तुमचा बाण चुकला आहे. आमचापण थोडा चुकला.
नदी शेवटी पूर्वेला जाते, पण नाशकात
आधी वळते. का वळते ते तुम्ही सांगा."
खाली दोन नावं, मधे ठळक 'आणि',
वय नऊ, वय नऊ.

तपासायला माझ्याकडे दिलं.
ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका. लाल पेन खिशातच होतं,
खिशातच राहिलं.
तिकीट मात्र, आमच्याच गावात छापलेलं,
दिव्याखाली धरून पाहिलं
आणि मगच चिकटवलं.